आधी समुद्र, मग रस्ता

परदेशात स्वतः मोटार चालवीत दूरचा प्रवास करण्याची हौस मराठी मध्यमवर्गात गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढीस लागली आहे, आणि या हौसेने निघालेल्या कुटुंबांच्या मनात न्यूझीलंडचे स्थान बरेच वरचे असते. तेथे वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या अंगाने धावतात. आपला इंग्रजी मजकुराचा वाहनपरवाना तेथे ग्राह्य धरला जातो. शिवाय ऑकलंड-वेलिंग्टनात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आता पुष्कळ असल्यामुळे, मुलाकडे वा लेकीकडे राहावयास गेलेल्या आईवडिलांना हा देश पाहण्याची संधी आपसूक चालून येते. परंतु या प्रवासाचे जे आराखडे माझ्या पाहण्यात येतात, मग ते आप्तांनी हौसेने आखलेले असोत की प्रवासी कचेऱ्यांनी छापून दिलेले असोत, त्या सर्वांत एक दोष समान आढळतो. उत्तर बेट आणि दक्षिण बेट यांच्यामध्ये जो समुद्र आहे, त्याच्या वाट्याला त्या आराखड्यात एकच ओळ आलेली असते: सकाळी वेलिंग्टनहून फेरीबोटीने पिक्टन, दुपारी काइकौरा, रात्री मुक्काम क्राइस्टचर्च. माझे स्पष्ट मत असे आहे की सबंध आराखड्याचा आरंभ याच ओळीपासून व्हावा, तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असा मोकळा दिवस राखून मगच बाकीचे मुक्काम ठरवावेत, आणि हे दोन दिवस ज्याच्या रजेत बसत नसतील त्याने खुशाल एकच बेट पाहावे.

कुक सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे २२ किलोमीटर रुंद आहे. नकाशात पाहणाऱ्यास ती एखाद्या मोठ्या खाडीएवढी भासते आणि तिच्याविषयी फारसा विचार करण्याचे कारण त्याला दिसत नाही. पण दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली पश्चिमेकडून जे प्रबळ वारे वर्षभर वाहतात, त्यांना दोन्ही बेटांवरच्या उंच पर्वतरांगा अडवून धरतात, आणि त्या वाऱ्यांना पुढे निसटण्यास जी मुख्य वाट उरते ती हीच असल्यामुळे, बाहेर जो नुसता वारा असतो तो येथे शिरताच वादळी होतो. याच्या जोडीला भरती-ओहोटीचे एक विलक्षण गणित आहे. सामुद्रधुनीच्या पूर्वेस पॅसिफिक महासागर आणि पश्चिमेस टास्मान समुद्र. या दोहोंच्या भरतीच्या वेळा जुळत नाहीत, एका तोंडाशी पाणी चढलेले असताना दुसऱ्या तोंडाशी ते ओसरलेले असते, आणि ही तफावत भरून काढण्यासाठी पाण्याचे लोटच्या लोट कधी इकडून तिकडे तर कधी तिकडून इकडे जोराने वाहत राहतात. असा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आला म्हणजे तेथे ज्या आखूड, उभ्या लाटा उठतात, त्या मोठ्या जहाजालाही बंदरात थांबावयास लावतात.

हे ज्ञान नवीन नाही. दक्षिण बेटातच सापडणारा पौनामू हा हिरवा पाषाण उत्तरेस नेण्यासाठी माओरी लोक आपल्या होड्यांतून ही सामुद्रधुनी ओलांडीत, तेव्हा योग्य हवेची वाट पाहत किनाऱ्यावर बसून राहणे हा त्यांच्या प्रवासाचाच भाग होता. आणि जो प्रथमच हे पाणी ओलांडीत असे, त्याची दृष्टी मधल्या खडकांवर पडू नये म्हणून त्याचे डोळे पानांनी झाकण्याचा प्रघात होता, कारण ते खडक म्हणजे कुपे या आद्य नाविकाने मारलेल्या महाकाय अष्टपादाचे नेत्र होत, अशी त्यांची श्रद्धा. १६४२ च्या डिसेंबरात आबेल टास्मान हा डच नाविक सामुद्रधुनीच्या पश्चिम तोंडाशी येऊन पोहोचला. पण प्रतिकूल हवेने त्याला पुढे जाऊ दिले नाही, आणि हे एक आखात आहे अशी नोंद करून तो निघून गेला. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १७७० च्या जानेवारीत, जेम्स कुकने आरापावा बेटावरील टेकडी चढून पलीकडचा महासागर पाहिला, तेव्हा कोठे युरोपीय नकाशांत ही दोन वेगळी बेटे झाली.

आपल्याकडील मंडळींचा या बाबतीत जो गैरसमज होतो त्याचे मूळ मला कोकणात दिसते. दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला, वेश्वीहून बागमांडल्याला आपण मोटार जंगलजेटीवर चढवितो, पाचदहा मिनिटांत खाडी पार होते आणि प्रवास जणू खंडित झालाच नव्हता असा पुढे चालू होतो. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जी रो-रो सेवा चालते तीदेखील तासाभराची. त्यामुळे बोट म्हणजे रस्त्याचाच एक तरंगता तुकडा, ही समजूत मनात घट्ट बसलेली असते. वास्तविक पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँची बंद राहतात आणि त्याची तक्रार कोणी अलिबागकर करीत नाही. समुद्राची ही मुखत्यारी घरच्या किनाऱ्यावर आपण निमूटपणे मान्य करतो. तीच परक्या किनाऱ्यावर मान्य करावी, एवढेच माझे म्हणणे आहे. वेलिंग्टन ते पिक्टन हे अंतर सुमारे ९२ किलोमीटरांचे असून त्यास साडेतीन तास लागतात, आणि त्यातला बराच भाग उघड्या समुद्रातला असतो.

मराठी वाचकाला 'रामदास' बोटीची हकीकत सांगावयास नको. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या दिवसाचे स्मरण आजही रायगड जिल्ह्यातील कित्येक घरांत आहे. न्यूझीलंडच्या लोकांच्या मनात तसेच स्थान 'वाहिने' या जहाजाचे आहे. क्राइस्टचर्चजवळील लिटल्टन बंदरातून रात्री निघून सकाळी वेलिंग्टनला पोहोचणारे हे जहाज १० एप्रिल १९६८ रोजी बंदराच्या तोंडाशीच, बॅरेट रीफ नावाच्या खडकांवर आदळले. त्या दिवशीच्या चक्रीवादळात वाऱ्याचा झोत ताशी २७५ किलोमीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. जहाजावर सातशेहून अधिक माणसे होती आणि किनारा डोळ्यांसमोर दिसत असताना त्यांतील ५१ जणांचा त्या दिवशी मृत्यू झाला. हा उल्लेख मी कोणास भय घालण्यासाठी केलेला नाही. तेथील कप्तान आज हवा बिघडली की जी फेरी रद्द करतात, तिच्यामागे त्या दिवसाची आठवण उभी आहे, हे प्रवाशाने ध्यानात घ्यावे आणि रद्द झालेल्या फेरीसाठी खिडकीवरील कारकुनाशी हुज्जत घालू नये, इतकाच माझा हेतू आहे.

हवेशिवाय दुसरे कारण यंत्रांचे. या मार्गावर सरकारी मालकीची इंटरआयलँडर आणि खासगी ब्लूब्रिज अशा दोन सेवा असून दोहोंची मिळून जहाजे मोजकीच आहेत, आणि त्यांतील काही वयाने बरीच झाली आहेत. २८ जानेवारी २०२३ रोजी आठशेहून अधिक माणसांना घेऊन येणाऱ्या 'काइटाकी' या जहाजाची यंत्रे सामुद्रधुनीतच बंद पडली, संकटाचा संदेश द्यावा लागला आणि नांगरावर तग धरून ते कसेबसे सावरले. 'आराटेरे' हे जहाज जून २०२४ मध्ये पिक्टनजवळ किनाऱ्यावर रुतले आणि पुढे २०२५ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. नवी मोठी जहाजे बांधण्याची आधीची योजना २०२३ अखेरीस सरकारने गुंडाळली. आता नवी जहाजे २०२९ मध्ये येतील असे जाहीर झाले आहे. म्हणजे येती काही वर्षे तरी, एक जहाज दुरुस्तीस गेले की सारा भार उरलेल्यांवर पडणार. पायी प्रवाशाला अशा वेळी दुसऱ्या फेरीत कोठेतरी जागा मिळते; परंतु मोटारीची जागा जहाजाच्या तळमजल्यावरील लांबीवर मोजलेली असते, पुढल्या फेऱ्या डिसेंबर-जानेवारीत आधीच भरलेल्या असतात, आणि ज्याची फेरी रद्द झाली त्याच्या मोटारीला पुढली जागा काही दिवसांनीच मिळावी, हा प्रकार तेथे अनेकांनी अनुभवला आहे. क्राइस्टचर्चच्या हॉटेलात त्या रात्रीचे पैसे भरलेले, तिसऱ्या दिवशी मिलफर्ड साऊंडच्या बोटीचे तिकीट काढलेले, सातव्या दिवशी क्वीन्सटाउनहून परतीचे विमान. असा साखळीबंद आराखडा एका दुव्यावर तुटला की बाकीचे सारे दुवे आपोआप निखळतात, आणि मग हरवलेला दिवस भरून काढण्यासाठी घरधनी अनोळखी वळणांवर रात्री मोटार पळवितो. माझा आक्षेप पैशाच्या नुकसानीपेक्षा या शेवटच्या गोष्टीला अधिक आहे.

ज्यांनी हे पाणी ओलांडलेले नाही त्यांच्यासाठी बोटीवर चढण्याचा प्रकार थोडा जवळून सांगतो. मोटारवाल्याने सुटण्याच्या वेळेच्या किमान तासभर आधी धक्क्यावर हजर राहावयाचे असते. तेथे मोटारी, घरगाड्या आणि मालमोटारी यांच्या निरनिराळ्या रांगा लावतात आणि आपल्या रांगेला हात होईपर्यंत जागचे हलावयाचे नसते. मग जहाजाच्या उघड्या जबड्यातून पोलादी उतारावरून गाडी आत शिरते, पिवळ्या अंगरख्यातील खलाशी दोन्ही हातांच्या खुणांनी तिला पुढच्या गाडीच्या अगदी लगत आणून उभी करतो, आणि दोन गाड्यांमध्ये इतकीच जागा उरते की दार निम्मे उघडून अंग चोरून बाहेर पडावे लागते. हातब्रेक ओढावयाचा, घरगाडीत स्वयंपाकाचा गॅस असेल तर तो टाकीपाशीच बंद करावयाचा, चोरापासूनचा भोंगा निकामी करून ठेवावयाचा, आणि मुलांचे स्वेटर, औषधे, डबा, पाण्याची बाटली एवढे बरोबर घेऊन जिन्याने वर जावयाचे. कारण जहाज सुटल्यावर गाड्यांचा मजला कुलूपबंद होतो आणि पिक्टन येईपर्यंत खाली उतरू देत नाहीत. उलटीची गोळी गाडीतच राहिली म्हणून हळहळणारे लोक वरच्या मजल्यावर नेहमीच भेटतात. ज्या जिन्याने आपण वर आलो त्याच्या मजल्याचा क्रमांक आणि रंग लक्षात ठेवला नाही, तर उतरण्याच्या घाईत चुकीच्या मजल्यावर गाडी शोधण्याची पाळी येते, आणि आपल्यामागे अडकलेल्या दहा गाड्यांचा खोळंबा होतो.

भाड्याच्या मोटारीचा करारनामा हा या प्रवासातला सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज होय. काही भाडेकंपन्या आपली मोटार बोटीवरून पलीकडे नेऊ देतात. काही मात्र वेलिंग्टनच्या धक्क्यावर ती परत घेतात आणि पिक्टनला दुसरी देतात. दुसरा प्रकार ऐकावयास गैरसोयीचा वाटला तरी एकट्यादुकट्या प्रवाशाला तो स्वस्त पडतो, आणि फेरी रद्द झाल्यास पायी प्रवासी म्हणून त्याचा लवकर निभाव लागतो. वृद्ध आईवडील आणि चार पेट्या बरोबर असतील तर मात्र पहिलाच बरा. ज्या गाडीचे आरक्षण केले तिची लांबी आणि छतावरच्या सामानासह उंची बोटीच्या तिकिटात बरोबर लिहिली आहे की नाही, हे घरूनच पाहावे, कारण तिकिटाचा दर त्यावर ठरतो. विम्याच्या अटींत वगळलेले रस्ते असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता आणि उत्तरेकडील नाइंटी माइल बीच ही त्यांतली प्रसिद्ध नावे, आणि तेथे गाडी नेल्यावर अपघात झाला तर सारा भुर्दंड चालविणाऱ्यावर येतो. सीमेवरील जैविक संरक्षणाचे नियम कडक आहेत. लाडू, भाजणी, लोणचे, जे जे बरोबर असेल ते सारे आगमनपत्रावर नमूद करावे. नमूद केलेली वस्तू फार तर काढून घेतील. लपविलेल्या वस्तूसाठी जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

काळाच्या निवडीतही आपण चुकतो, आणि तेथेही मूळ कारण रजेचेच आहे. नाताळची सुट्टी म्हणजे त्या देशाचा भर उन्हाळा, तेथील शाळांच्या दीर्घ सुट्टीचा आणि बोटींवरील कमाल गर्दीचा काळ. आपली मेमहिन्याची सुट्टी म्हणजे तेथील हिवाळ्याची सुरुवात, लहान दिवस आणि दक्षिणेकडील घाटांत बर्फ. दिवाळीनंतरचे दिवस त्या मानाने सोयीचे, विशेषतः नोव्हेंबरात टेकापो सरोवराच्या काठी ल्युपिनचे जांभळे-गुलाबी ताटवे फुललेले असताना. पण वसंतातले वारे सामुद्रधुनीत जोरावर असतात, तेव्हा मोकळ्या दिवसाची गरज तेथेही राहतेच. निवृत्तांना, ज्यांना कोणाच्या शाळेचे वेळापत्रक पाळावयाचे नाही, फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च याहून चांगला काळ मिळणार नाही.

रस्त्याविषयी एवढेच म्हणतो की नकाशावरील किलोमीटर पाहून तासांचा हिशेब करू नये. ऑकलंड ते वेलिंग्टन सुमारे साडेसहाशे किलोमीटर, पिक्टन ते क्राइस्टचर्च साडेतीनशेच्या आतबाहेर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची सवय असलेल्यास हे अंतर किरकोळ वाटते. पण शहराबाहेर हा राष्ट्रीय मार्ग बहुतेक ठिकाणी येण्याला एक आणि जाण्याला एक पट्टा एवढाच असतो, आणि फाट्यांवर, विशेषतः पश्चिम किनाऱ्याकडे, एकेरी पूल लागतात, जेथे फलकावरचा लहान लाल बाण आपल्या दिशेचा असेल तर समोरच्याला आधी वाट द्यावयाची असते. मुंबईहून सिंगापूर किंवा अन्य कोठे विमान बदलून, साडेसहा-साडेसात तासांच्या कालफरकाने झोपेची घडी विसकटलेला माणूस विमानतळावरूनच गाडीची किल्ली घेऊन निघतो, हे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते. समोरून येणाऱ्या पट्ट्यात जी माणसे आहेत त्यांचाही या रस्त्यावर हक्क आहे. रस्ताही समुद्राइतकाच लहरी होऊ शकतो. १४ नोव्हेंबर २०१६ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाने काइकौराजवळचे कडे कोसळून पिक्टन-क्राइस्टचर्चचा किनारी मार्ग आणि रेल्वे दोन्ही गाडली गेली, आणि हा रस्ता पुन्हा खुला होण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. तोवर सारी वाहतूक लुइस खिंडीच्या लांबच्या वाटेने चालत होती.

यावर नेहमीचा प्रश्न असा की एवढे लाख रुपये खर्चून गेल्यावर दोन दिवस रिकामे का घालवावेत. तो प्रश्न मी हलका मानीत नाही. पंधरा दिवसांची रजा मिळविण्यासाठी वर्षभर साहेबाची मनधरणी केलेल्या माणसाला एकेक दिवस मोलाचा असतो, आणि पुन्हा इतक्या दूर येणे होईल की नाही याची त्याला शाश्वती नसते. म्हणूनच त्याचा जीव सर्व काही पाहून घेण्याकडे धावतो. परंतु पंधरा दिवसांत ज्याने दोन्ही बेटे संपविली त्याचा बहुतांश वेळ काचेआड जातो. केवळ उत्तर बेट घेतले तरी रोटोरुआची उष्णोदके, टोंगारिरोचे ज्वालामुखी, तारानाकीचा एकाकी शंकू, १९३१ च्या भूकंपानंतर नव्याने उभारलेले नेपियर, हे सारे निवांतपणे पाहून होते. केवळ दक्षिण बेट घेतले तर क्राइस्टचर्चला उतरून तेथूनच परतता येते आणि बोटीचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्यांना लाटांचा त्रास हमखास होतो, किंवा तान्हे मूल बरोबर आहे, त्यांनी वेलिंग्टनहून विमानाने क्राइस्टचर्चला जावे. त्यात कमीपणा काही नाही. पण ज्याच्याजवळ वेळ आहे त्याने बोट सोडू नये. उघडा समुद्र संपून जहाज टोरी चॅनेलच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरते, दोन्ही अंगांना हिरवे डोंगर थेट पाण्यात उतरलेले दिसू लागतात, हलणारे जहाज एकाएकी स्थिर होते, आणि पुढचा तासभर क्वीन शार्लट साऊंडच्या शांत पाण्यातून पिक्टनपर्यंत जो प्रवास होतो, तो विमानाच्या खिडकीतून मिळत नाही.

आणि राखून ठेवलेला दिवस रिकामा जातो असे तरी कोणी सांगितले? बोट वेळेवर सुटली तर तो दिवस पिक्टनमध्येच आपल्या हाती येतो. तेथून लहान बोटीने मेरेटोटो येथे जाता येते, जेथे कुकने आपल्या सफरींत पाच वेळा नांगर टाकला. समुद्रतटाच्या वळणावळणाच्या रस्त्याने हॅवलॉकला जाऊन हिरव्या कवचाच्या शिंपल्या खाता येतात. नाहीतर ब्लेनमच्या सपाट खोऱ्यातील द्राक्षमळ्यांमधून नुसते फिरता येते. अलीकडचा दिवस वेलिंग्टनात गेला तर ते पापा या राष्ट्रीय संग्रहालयाला तो पुरत नाही. माझी प्रवासी कचेऱ्यांना आणि हौसेने आराखडे आखणाऱ्या नातलगांना विनंती आहे की व्हिसा हाती आल्यावर पहिले आरक्षण बोटीचे करावे, तेही बदलता येण्याजोग्या तिकिटाचे. छापील कार्यक्रमात त्या फेरीच्या शेजारी पर्यायी तारीखही नमूद करावी. आणि पिक्टनपलीकडचा पहिला न फिरणारा खर्च, मग तो हॉटेलाचा असो की मिलफर्डच्या बोटीचा, त्या पर्यायी तारखेनंतरच धरावा.